पाच वाजायच्या आत एक फेरी

हेडलीने वाफेचं इंजिन बांधायला घेतलं त्या वर्षी आमचं जेवणाचं टेबल नवं होतं आणि मीही काही फार जुनी नव्हते. हेडली सग्डन हा माझा नवरा. गिरणीत यंत्रं दुरुस्त करायचा. दिवसभर यंत्रांशी झटापट करून आलेला माणूस संध्याकाळी पाय पसरून बसेल असं कुणालाही वाटेल. हा मात्र चहा उभ्यानेच प्यायचा आणि मागच्या अंगणातल्या शेडमध्ये जाऊन लेथ सुरू करायचा.

वीस वर्षांत माझ्या घरात काय काय झालं ते सांगते. माझ्या ओव्हनमध्ये तांब्याच्या नळ्या भाजल्या गेल्या. माझं गुलाबी नेलपॉलिश पोलादावर खुणा करण्यात संपलं. नाताळच्या केकच्या डब्यात स्क्रू राहायला आले ते कायमचे. पितळेचा कीस मोज्यांत सापडायचा, गालिच्यात सापडायचा, एकदा तर रविवारच्या ग्रेव्हीत सापडला. हेडलीने तो दातांतून काढला, खिडकीकडे धरून पाहिला आणि म्हणाला, "बघ मेव्हिस, कसा सलग निघालाय. हत्याराला धार चांगली होती."

हे इंजिन म्हणजे कपाटात ठेवायची शोभेची वस्तू नव्हे. लांबीला सोफ्याएवढं, वजनाला धष्टपुष्ट मेंढीएवढं, खरा कोळसा खाणारं आणि खरी वाफ सोडणारं. त्याच्यामागे बुटक्या गाडीवर चालक दोन बाजूंना पाय टाकून बसतो आणि ते त्याला ओढत नेतं. अशी इंजिनं बांधणाऱ्यांच्या आमच्या क्लबाने कालव्याकाठच्या बागेत त्यासाठी बाकाएवढ्या उंचीवर चारशे यार्डांचा गोल रूळ टाकलाय. दर रविवारी तिथे निम्मं गाव मुलंबाळं घेऊन फेऱ्या मारायला येतं. क्लबातले बाकीचे लोक दोन-चार वर्षांत इंजिन पुरं करून रुळावर आणतात. हेडलीचं इंजिन मात्र नेहमी 'जवळजवळ झालेलं' असायचं. एखादा भाग बसवून झाला की तो चार पावलं मागे जाऊन बघायचा, मान हलवायचा आणि काढून पुन्हा करायचा. घाण्याच्या बैलानेसुद्धा एव्हाना मुक्काम गाठला असता.

मला त्याचं काही वाटत नव्हतं. खरंच नव्हतं. वाटायला लागलं ते नियम चौदामुळे.

नियम चौदा असा: पूर्ण सभासदाने वीस वर्षांच्या आत वाफेचं इंजिन स्वतः चालवून एक अख्खी फेरी मारली पाहिजे. नाही मारली तर तो सहायक सभासद होतो, आणि सहायक सभासदाने चहाच्या टपरीवर काम करायचं.

ती टपरी माझी आहे. एकोणीस वर्षं मी ती चालवतेय, मी आणि माझी मैत्रीण आयव्ही. रविवारी दहा ते पाच. आम्ही स्कोन, म्हणजे लोणी लावून खायचे छोटे पाव विकतो, विणकाम करतो आणि अख्ख्या गावाची उणीदुणी काढतो. सात तास पिस्टन हा शब्द कानांवर पडत नाही. आठवड्यातले बाकीचे सहा दिवस मी ज्या जोरावर काढते तो हा रविवार. हेडली तिथे आला असता तर पहिल्या दिवशी त्याने चमचे मापाप्रमाणे लावले असते आणि दुसऱ्या दिवशी मी त्यांतल्या एका चमच्याने त्याचा जीव घेतला असता. त्याची वीस वर्षं या जुलैतल्या दुसऱ्या रविवारी, संध्याकाळी पाचला भरत होती.

म्हणून ईस्टरपासून मी त्याच्या मागे हात धुऊन लागले. "पुन्हा करू" म्हणाला की मी कानस हातातून काढून घ्यायची. मे महिन्यात बॉयलर पुरा झाला. जूनमध्ये रंग. आणि जुलैच्या पहिल्या बुधवारी क्लबाचा बॉयलर तपासनीस आमच्या दारात उभा राहिला.

तपासनीस म्हणजे नॉरिस होल्रॉइड. उभी हयात सरकारी खात्यात दुकानांतली वजनंमापं तपासण्यात गेली. एरवी तो मला मेव्हिस म्हणतो, माझ्या ताटातली बटाट्याची फोड उचलतो. पण कोटाला तपासनिसाचा बिल्ला लावला की त्याला एकाएकी माझं आडनाव आठवतं.

"मिसेस सग्डन," तो म्हणाला, "बॉयलर कुठे ठेवलाय तुम्ही?"

"अंगणात. आणि नॉरिस, काल माझ्याकडून रुबार्बचा मुरंबा नेलास त्याची बरणी परत दे."

"ते मी उद्या पाहीन. आज मी तपासनीस आहे."

आमच्याकडे बॉयलरची परीक्षा गार पाण्याने होते. बॉयलर काठोकाठ भरायचा, हातपंपाने नेहमीच्या दुप्पट दाब चढवायचा आणि वीस मिनिटं काटा हलतो का ते बघत बसायचं. त्या वीस मिनिटांत कुणी बोलायचं नसतं. तसा नियम नाही, पण कुणी बोलत नाही. नॉरिस खुर्चीवर बसला, हेडली उलट्या बादलीवर, मी स्वयंपाकघराच्या पायरीवर. अकराव्या मिनिटाला एका सांध्यावर पाण्याचा थेंब दिसला आणि हेडलीचा चेहरा पांढराफटक पडला. नॉरिसने वाकून तो बोटावर घेतला, न्याहाळला, हुंगला आणि वर पाहिलं. आमच्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर माझा ओला पेटीकोट होता.

"बॉयलर निर्दोष," नॉरिसने कागदावर लिहिलं. पेटीकोटाबद्दल काही लिहिलं नाही, एवढं त्याचं सौजन्य.

तर तो दुसरा रविवार उजाडला. हेडलीने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. चौघांनी मिळून इंजिन गोल रुळाला जोडलेल्या आखूड फाट्यावर चढवलं. काळंभोर, कडेला लाल रेघ, पितळ असं घासलेलं की बघणाऱ्याला स्वतःच्या नाकातले केस दिसावेत. हेडलीने कोळसा पेटवला, पाणी पाहिलं, तेल घातलं. मग पुन्हा तेल घातलं. मग एक नट पुसला. नमनालाच त्याने घडाभर तेल जाळलं. साडेतीन वाजता दाब पुरा झाला आणि सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसायला लागला. तरी तो नट पुसतोच आहे.

"हेडली," मी टपरीच्या खिडकीतून म्हटलं, "तो नट आता झिजून जाईल. बस आता गाडीवर."

तो बसला. पन्नासएक माणसं गोळा झाली होती. त्याने दिशेचा दांडा पुढे ढकलला. हा दांडा पुढे केला की इंजिन पुढे जातं, मागे ओढला की मागे, हे रांगणाऱ्या पोरालाही कळतं. मग त्याने वाफेची मूठ उघडली. इंजिनाने एक मोठा सुस्कारा टाकला आणि ते मागे निघालं.

अगदी छान, डौलात मागे निघालं. हेडली दांडा आणखी पुढे रेटत होता, इंजिन आणखी मागे येत होतं. त्याच्यामागे फाट्याचा शेवट होता आणि शेवटाला लाकडी ठोकळा होता. गाडी ठोकळ्यावर थांबली, हेडली थांबला नाही. तो उलटी कोलांटी घेऊन रोडोडेंड्रॉनच्या झुडपात गेला. इंजिन जागेवर उभं राहून चाकं फिरवत होतं. नॉरिसने हात लांब करून वाफ बंद केली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे.

चूक कुठे झाली ते आयव्हीला आधी कळलं, कारण तिने उभ्या जन्मात सायकलशिवाय दुसरं काही चालवलेलं नाही. "पंक्चर काढताना सायकल उलटी ठेवतात ना," ती म्हणाली, "तेव्हा चाक वरच्या बाजूला पुढे पळताना दिसलं तर ती सायकल पुढे जाणारी नव्हे. उभी केली की ती मागेच जाणार."

दोन वर्षं ते इंजिन आमच्या जेवणाच्या टेबलावर चाकं वर करून पडलं होतं. आम्ही दोघं सिंकपाशी उभ्याने जेवत होतो. मी मोटारीच्या टायरचा पंप पायाने दाबून सिलिंडरांत हवा भरायची आणि हेडली दांडा हलवत चाकांकडे बघायचा. "पुढे चाललंय मेव्हिस, दाब, दाब, पुढे चाललंय." एवढ्या बारीक नजरेचा माणूस, केसाच्या दहाव्या भागाचं माप घेणारा, आणि अख्खं इंजिन उलटं ठेवलंय हेच विसरला. पाय माझेही दुखले, म्हणजे पापात मीही वाटेकरी.

नॉरिसने नियमांचं पुस्तक काढलं. त्याला अंगठा ओला करून पानं उलटताना बघणं हा एक छळ आहे.

"दांडा कुठल्या दिशेला असावा याबद्दल नियम नाही," शेवटी तो म्हणाला. "चालकाला ठाऊक पाहिजे, आणि तशी पाटी लावलेली पाहिजे. मग फेरी ग्राह्य."

मी स्कोनच्या पाटीच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहिलं: पुढे म्हणजे मागे, मागे म्हणजे पुढे. ती इंजिनाला बांधली. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

"झालं," मी म्हटलं. "आता दांडा मागे ओढ आणि पुढे जा."

हेडलीच्या केसांत पानं होती. "मी नाही बसणार."

"का?"

"लोक म्हणतील, सग्डनने उलटं इंजिन बांधलं."

"लोकांनी तुला झुडपात जाताना पाहिलंय, हेडली. आता आणखी काय म्हणायचं राहिलंय?"

"मी ते घरी नेतो आणि खोलतो," तो म्हणाला. "दोन वर्षांचं तर काम आहे."

आणि तो वळला आणि चालत चालत माझ्या टपरीत शिरला. मी त्याच्या मागे धावले. पोहोचेपर्यंत तो माझ्या खुर्चीवर बसला होता आणि चहाच्या मोठ्या किटलीची तोटी उघडून-मिटून बघत होता.

"ही दर कपाला सारखं पाणी सोडत नाही," तो म्हणाला. "मोजलंयस का कधी?"

"नाही."

"आणि कप उजवीकडे का? किटली डावीकडे, कप उजवीकडे. दर कपाला दोन पावलं फुकट. एकोणीस वर्षांत तू किती चालली असशील माहितीय?"

तो खरोखर हिशेब करायला लागला. तेवढ्यात त्याने आयव्हीचं विणकाम उचलून बाजूला ठेवलं आणि तिचे सहा टाके सुटले. आयव्ही शांतपणे उठली. "मेव्हिस," ती म्हणाली, "हा दर रविवारी इथे असणार असेल तर मी चर्चात फुलं लावायला जाते. तिथली माणसं भयंकर आहेत, पण मोजत नाहीत."

बाहेर इंजिन एकटंच फुसफुसत उभं होतं. वाफेत असलेलं इंजिन असं सोडायचं नसतं, बॉयलरमधलं पाणी उतरलं तर अनर्थ होतो. हे मला का ठाऊक? वीस वर्षं जेवताना दुसरं काही ऐकलंच नाही म्हणून. मी ॲप्रन काढला, आयव्हीच्या हातात दिला आणि बाहेर आले.

"नॉरिस, मी चालवते."

"तुम्ही सहायक सभासद आहात, मिसेस सग्डन."

"सहायक सभासदाने चालवायचं नाही असं कुठे लिहिलंय?"

पुन्हा अंगठा, पुन्हा पानं. लोक घड्याळं बघायला लागले. "असं लिहिलेलं नाही. फेरी मारेल तो पूर्ण सभासद, एवढंच आहे," तो म्हणाला. "कुणाला तशी इच्छा होईल असं बहुधा कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं."

खरं सांगते, माझ्या मनात एवढंच होतं की फेरी पुरी करायची आणि ती कशीतरी हेडलीच्या नावावर घालायची. मला माझी टपरी परत हवी होती. मी स्कर्ट सावरून गाडीवर बसले, बॉयलरच्या काचनळीत पाणी पाहिलं, दोन फावडी कोळसा टाकला. ते फावडं म्हणजे माझा मोहरीचा चमचा निघाला, तो मी तीन वर्षं शोधत होते. मग दांडा मागे ओढला आणि मूठ अगदी थोडी उघडली. इंजिन पुढे गेलं.

पहिल्या वळणापर्यंत मी फक्त देवाचं नाव घेत होते. मग मला कळलं की ते माझं ऐकतंय. मूठ जराशी उघडली की ते खोल श्वास घ्यायचं, मिटली की हळू व्हायचं. ॲश झाडापाशी चढ आहे, तिथे चाकं घसरली. मी मूठ मिटली, थांबले, पुन्हा हलकेच उघडली, आणि ते खाकरत, कुरकुरत, एकेक पाऊल टाकत चढून गेलं. कोळशाचा वास, तोंडावर गरम थेंब, डोळ्यांत काजळी, खाली कालव्यातली बदकं. एवढा आनंद मला लग्नाच्या दिवशीसुद्धा झाला नव्हता, आणि लग्नाला बँड होता. माझ्या घरातल्या कपबशांनी, ओव्हनने, गालिच्याने वीस वर्षं ज्याच्यापायी सोसलं ते आज माझ्या पुढ्यात धावत होतं. टपरीवरून जाताना मी शिट्टी वाजवली. काही कारण नव्हतं, वाजवावीशी वाटली. खिडकीत हेडली उभा होता, हातात कप धरून. तो माझ्याकडे बघत नव्हता, चाकांकडे बघत होता.

मी फेरी संपायच्या रेघेपाशी थांबले तेव्हा पाचाला चार मिनिटं होती. नॉरिस फेऱ्यांची वही आणि पेन घेऊन आला. त्याने कोटाचा बिल्ला काढला आणि खिशात टाकला. चाळीस वर्षं लोकांचे तराजू पकडणाऱ्या त्या माणसाने मग चष्मा काढून पुसायला घेतला.

"वाफ फार होती, मेव्हिस," तो हळू आवाजात म्हणाला. "चष्म्यावर धुरकं आलं. चालक कोण होता ते मला नीट दिसलं नाही. सग्डन होता एवढं दिसलं. हेडलीच असावा. तू सांगशील ते लिहितो."

मी एकोणीस वर्षं सांभाळलेली टपरी त्या पेनाच्या टोकाशी होती. एक नाव उच्चारलं की रविवार माझा, आयव्ही माझी, गावाची उणीदुणी माझी. हेडली पूर्ण सभासद राहणार आणि शेडमध्ये आणखी वीस वर्षं नट पुसणार. मी तोंड उघडलं. ॲशच्या झाडाचा चढ आठवला.

"मेव्हिस," मी म्हटलं. "मेव्हिस सग्डन लिही. आणि पूर्ण सभासद असं लिही."

नॉरिसने लिहिलं, शाई वाळू दिली, वही मिटली. पाचची घंटा झाली. मला वाटलं आता हेडलीला तोंड कसं दाखवायचं. वीस वर्षं त्याने खपायचं आणि फेरी मी मारायची. टपरीकडे बघायचा धीर झाला नाही, म्हणून मी तशीच गाडीवर बसून राहिले. तोच इकडे आला, कप हातात धरून.

"चढावर मूठ मिटलीस," तो म्हणाला.

"चाकं घसरली."

"घसरणारच. बाकीचे सगळे तिथे जोर करतात. तू मिटलीस." त्याने कप माझ्या हातात दिला. "माझं नाव लिहायला सांगायचंस, मी नाही म्हटलं नसतं. पण बरं झालं नाही सांगितलंस. मला चालवायची भीती वाटते, मेव्हिस. मागे माणसं बसलेली, पुढे आग पेटलेली. रात्र रात्र झोप लागत नाही मला. पहिल्यापासून."

"पहिल्यापासून? मग वीस वर्षं हे काय चाललं होतं?"

"म्हणून तर वीस वर्षं चाललं होतं," तो म्हणाला.

मला त्याचा राग यायला हवा होता. मी तो शोधलाही, पण सापडला नाही. एकोणीस वर्षं या बागेत मी लोकांना चहा दिला, मला कुणी आणून दिला तो हा पहिला. साखर त्याने मोजून घातली होती, आणि बरोबर घातली होती. मी अर्धा प्यायले, काचनळीत पाणी पाहिलं आणि नॉरिसला विचारलं की आग अजून पेटलेली आहे, तर आणखी एक फेरी मारायला काही हरकत आहे का.